चाळीस ग्रॅमचा हिशेब

करवतीला एक हॉर्सपॉवरची मोटर आणि तिचा भुसा ओढायला दोन हॉर्सपॉवरचा ब्लोअर. नाना कसे आहेत ते एवढ्यावरून कळावं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी पोर्चमध्ये पूर्वी स्कूटर असायची. आता तिथं चौदा इंची बँडसॉ उभा आहे आणि स्कूटर बाहेर पावसात भिजते. बँडसॉवर मेणकापडाची झूल असते, खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडते आणि वर्षातले उरलेले दिवस नाना त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले असतात. भेटायला आलेल्या माणसाला आधी नानांची पाठ दिसते, मग आतून आवाज येतो, "आलोच. चहा घ्या तोवर." चहा होतो, दुसरा होतो, माणूस जातो. नाना येत नाहीत.

लाकूडकामाचा छंद असलेली माणसं पुष्कळ असतात. ती पाट करतात, चौरंग करतात आणि नात्यागोत्यात लग्नकार्य निघालं की बळेबळे देऊन टाकतात. नाना त्यांतले नव्हेत. त्यांच्या पोर्चमधून इतक्या वर्षांत बाहेर पडलेली वस्तू म्हणजे एक पोळपाट, आणि तोही चाचणीसाठी कापलेल्या फळीचा उरलेला तुकडा होता. लोक लाकूड कापतात आणि नाइलाजानं भुसा पडतो. नानांना भुसा हवा असतो, म्हणून नाइलाजानं ते लाकूड कापतात.

नोकरी त्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत केली, पॅटर्न शॉपला. ओतकाम लोखंडाचं असलं तरी तो भाग आधी लाकडात घडवावा लागतो, मग त्याचा ठसा वाळूत उठवून त्यात रस ओततात. बिडाचा रस थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्यांकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा सेंटिमीटरभर लांब. रिटायर होताना नाना ती पट्टी घरी घेऊन आले आणि ती कुठली आहे हे कुणाला न सांगता घरातली मापं तिनं घेऊ लागले. पडदे फरशीवर लोळतात, टेबलक्लॉथ मांडीवर येतो, आणि कपाटासाठी कापून आणलेली फळी कपाटात जात नाही. "आमच्याकडं सगळं एक टक्का जास्त आहे," असं काकू सांगतात. सांगताना बघतात मात्र नानांकडं.

आता भुशाचंच वेड का, तर त्याचं मूळ त्या फौंड्रीत आहे. तिथं धूळ म्हटली की वाळूची. मोल्डिंगवाल्या कामगारांच्या छातीत वाळूची सिलिका बसते हे सगळ्यांना ठाऊक होतं, मास्क, तपासण्या, सूचनांचे फलक, सगळं तिकडं. पॅटर्न शॉपवाले स्वतःला स्वच्छ हवेतले समजायचे. सागवानाचा वास सुटलेला, पाइनचा वास सुटलेला, याला धूळ कोण म्हणेल? नानांचे उस्ताद दुपारी डबा उघडायच्या आधी टॉवेलनं मिशा झटकायचे आणि त्यातून जे पडायचं ते कौतुकानं बघायचे. नानांनीही पस्तीसएक वर्षं तो वास छाती भरून घेतला. मग रिकामपणी त्यांच्या वाचनात हाय विकम आलं. इंग्लंडमधलं हे खुर्च्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या फर्निचर कामगारांत नाकाचा एक एरवी दुर्मिळ कर्करोग फार दिसतो, हे १९६०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी हेरलं. पुढं १९९५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ नक्की कर्करोगकारक असलेल्यांच्या यादीत घातली. नाना ते वाचून उठले आणि थेट आरशापुढं जाऊन त्यांनी नाक तपासलं, असं काकू म्हणतात. तेव्हापासून हाय विकम हा त्यांच्या बोलण्यातला कायमचा मुक्काम झाला. साखरपुडा असो, बारसं असो, पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला मठ्ठा येईपर्यंत ते हाय विकमला पोचवून आणतात.

बँडसॉ हे यंत्र या बाबतीत खरोखरच लबाड आहे, हे मलाही त्यांच्यामुळं कळलं. वर एक चाक, खाली एक चाक, त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा, मध्ये टेबल. पट्टा टेबलातून खाली जातो, तेव्हा दातांच्या खाचांत भरलेला भुसा बरोबर खाली नेतो. थोडा टेबलाखाली लगेच सांडतो, थोडा खालच्या चाकाच्या रबरावर दाबला जाऊन पापडी होते आणि पट्टा उड्या मारायला लागतो. आणि जो दातांना चिकटून राहतो तो चाकाला वळसा घालून पलीकडून वर चढतो, माथ्यावरच्या झाकणात पोचतो आणि तिथून निवांत खाली तुमच्या डोक्यावर येतो. कंपनीनं भुसा ओढायचं भोक दिलेलं असतं ते खालच्या पेटीच्या तळाशी. "म्हणजे चोर माडीवरून उतरतोय, आणि पोलीस तळघराच्या दाराशी बसलेत," असं म्हणून नाना समोरच्याकडं बघतात. आपण हसलो तर ते खूश होतात. नाही हसलो तर हेच पुन्हा, आकृती काढून.

पहिली सुधारणा म्हणून त्यांनी टेबलाच्या पोटाशी, पट्टा जिथं खाली उतरतो तिथंच, दुसरं तोंड बसवलं. कल्पना अगदी योग्य. मग उत्साहाच्या भरात पेटीच्या सगळ्या फटी फोमची पट्टी लावून बंद केल्या. दारं, सांधे, टेबलातली चकतीसुद्धा चपखल नवी केली, पट्ट्याभोवती केसभर जागा नाही. ब्लोअर लावला. मोटर घरघरली, पाइप आत ओढल्यासारखा वाटला, आणि भुसा जागचा हलला नाही. हवा बाहेर ओढायची तर कुठून तरी ती आत यायला हवी, ही गोष्ट नानांना फोम चिकटल्यावर सुचली. महिनाभर बुजवलेलं त्यांनी एका दुपारी भोकं पाडून मोकळं केलं. टेबलातल्या चकतीला तर इतकी भोकं पाडली की काकूंनी ती चुकून झाऱ्यांच्या शेजारी टांगून ठेवली होती. खालच्या चाकाला बूटपॉलिशचा जुना ब्रश टेकवला, त्यानं रबरावरची पापडी बंद झाली. हे मात्र एकदम झकास जमलं, आणि म्हणूनच नाना त्याविषयी फारसं बोलत नाहीत.

मग पाइपाचं प्रकरण. वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप हवेला गुळगुळीत पाइपाच्या दोन-तीन पट अडवतो, म्हणून तो हातभरच ठेवायचा. बाकी सगळं पीव्हीसी. ११० मिलिमीटरऐवजी १६०चा पाइप घेतला की तोंडाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा. टी नको, वाय हवा. हे सगळं साहित्य मिळतं सांडपाण्याच्या दुकानात. नानांनी यादी दिली, दुकानदारानं ती दोनदा वाचली आणि आदरानं विचारलं, "किती मजली हाय म्हणायचं बिल्डिंग?" घरी टेम्पो आला तेव्हा प्लंबरनं आणखी पुढं जाऊन संडास कुठं बसणार त्याची जागा खडूनं आखायला घेतली. आखलं ते बरोबर बँडसॉच्या जागी. गल्लीत अजून काही लोकांची समजूत आहे की नानांनी पोर्चमध्ये काहीतरी वेगळंच बांधलंय आणि संकोचापोटी कुणाला दाखवत नाहीत.

ओढणं आणि फुंकणं यांतला फरक हा नानांचा आवडता धडा. फुंकलेली हवा झोतानं लांब जाते, ओढलेली चहूकडून येते. पाइपाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढीचा वेग तोंडाशी असतो त्याच्या जेमतेम एक दशांश उरतो. म्हणून तोंड भुशाच्या उगमाशी भिडलेलं हवं, वीतभर लांबचा ब्लोअर कितीही दांडगा असला तरी उपयोग नाही. हे मुलांना समजावं म्हणून त्यांनी नातवाच्या पाचव्या वाढदिवसाचा मुहूर्त साधला. सगळी पोरं भोवती जमली, "हॅपी बर्थडे" झालं आणि नाना पुढं सरसावून म्हणाले, "फुंकायची नाही. ओढून विझव." पोरगं बिचारं गाल आत जाईपर्यंत ओढतंय, मेणबत्ती सरळ जळतेय, नाना सगळ्यांकडं विजयानं बघताहेत, आणि सूनबाई केक हळूहळू दुसऱ्या टोकाला नेताहेत.

हवा कुठं जाते ते बघायला उदबत्ती. पेटती काडी नव्हे, विझायला आलेली, धुराची बारीक रेघ काढणारी. ती फटीजवळ धरायची आणि रेघ कुठं वाकते ते टिपायचं. भुसा सगळा साफ झाल्याशिवाय काडी आत न्यायची नाही, एवढी शिस्त नाना पाळतात. देवघरातल्या उदबत्त्या मात्र या शिस्तीपायी अर्ध्यातून गायब होऊ लागल्या. काकूंनी आधी झुरळांवर संशय घेतला.

रात्री आणखी एक चाचणी असते आणि तिला मला बोलावणं येतं. पोर्चमधले दिवे घालवायचे, मी बॅटरी धरायची, नानांनी अंधारात एक काप घ्यायचा. (अंधारात बँडसॉ चालवू नये. पट्ट्याजवळ त्यांचा छोटा दिवा असतो, पण मी बॅटरीपेक्षा त्यांच्या बोटांकडंच बघत असतो.) काप संपतो, यंत्र थांबतं आणि बॅटरीच्या झोतात ती धूळ दिसते. एरवी दिवसा जिथं काही नसतं तिथं असंख्य कण, खालीही येत नाहीत, वरही जात नाहीत, नुसते रेंगाळतात. आपला केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोलवर उतरणारे कण दहा मायक्रॉनच्या आतले, एकेकटे डोळ्यांना न दिसणारे. नाना त्या झोतात नाक न घालता, मास्क दाबून धरून, डोळे बारीक करून उभे असतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग नसतो. जुन्या ओळखीचं माणूस फार वर्षांनी नीट दिसावं तसं काहीतरी असतं, आणि मग ते लगेच म्हणतात, "धर नीट, हालवू नको."

एवढ्यावर न भागता नानांनी वही घातली. एक मीटर लांब, पन्नास मिलिमीटर जाड सागवानी फळी उभी चिरली आणि पट्ट्यानं सव्वा मिलिमीटर जागा खाल्ली, तर भुसा होतो चाळीस ग्रॅम. कापण्याआधी फळीचं वजन, नंतर दोन तुकड्यांचं वजन, मग पिंपातल्या भुशाचं वजन. सोनाराकडं असतो तसला काटा त्यांनी खास घेतलाय. वहीत तीन रकाने: पडला, सापडला, पळाला. पहिल्या पानांवर पळाल्याचा रकाना जाडजूड आहे. पुढं तो रोडावत जातो, आणि एका पानावर चाळिसातले अडतीस सापडले तेव्हा नानांनी कंदी पेढे वाटले.

माझं मत विचाराल तर त्या वहीत एक मोठी गोम आहे. वजन असतं ते जाड भुशात, आणि जाड भुसा कुणाचं काही बिघडवत नाही, झाडू मारला की संपलं. बाधणारा जो आहे त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणजे सगळा तंटा त्या पळालेल्या दोन ग्रॅमांचा, आणि नाना पेढे वाटत होते अडतिसांचे. हे मी त्यांना सांगायला गेलो नाही. काकूंनी सांगितलं, बोलून नव्हे. देवघरातल्या तसबिरीच्या काचेवरून त्यांनी एक बोट फिरवलं आणि ते नानांच्या वहीवर, पेढ्यांच्या तारखेशेजारी टेकवलं. पिवळट ठसा उठला. नाना बराच वेळ त्या ठशाकडं बघत होते. मग म्हणाले, "पिशवी."

खरंच पिशवी होती. ब्लोअरच्या मागची कापडी पिशवी सैल विणीची असली की जाड भुसा आत ठेवते आणि सगळ्यात बारीक तेवढा निवडून, गाळून, दोन हॉर्सपॉवरच्या जोरानं घरात सोडते. म्हणजे इतके दिवस नाना घरभर अस्सल माल वाटत होते. ब्लोअर त्यांनी मागच्या बोळात काढला. तिथं शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात, त्याविषयी न बोललेलं बरं. शेवटी दाट विणीची पिशवी आली, पण ती चटकन चोंदते, म्हणून तिच्या आधी सायक्लोन आला. उद्यमनगरात एका पत्राकामवाल्याकडून नानांनी तो पत्र्याचा उलटा शंकू करून घेतला. हवा कडेनं आत शिरते, गरागरा फिरते, जड कण कडेला आपटत खाली पिंपात उतरतात, हलकी हवा मधल्या नळीतून वर निघते. पत्राकामवाल्याला वाटलं मिरचीच्या डंकासाठी आहे. पहिल्या दिवशी नानांनी तोंड चुकून बंद ठेवून ब्लोअर लावला आणि खालचं प्लॅस्टिकचं पिंप "धप्प" करून आत बसलं. काकू हातातलं सोडून धावत आल्या. "काही नाही," नाना म्हणाले, "ओढ चांगली आहे."

त्यांना अशा वेळी धीर देणारी माणसं जगाच्या इतिहासात आहेत. जेम्स डायसन यानं कारखान्यातला सायक्लोन घरगुती व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवताना ५,१२७ नमुने केले, हे नाना वरचेवर सांगतात. काकूंनी हा आकडा ऐकल्यापासून त्यांच्या डोळ्यांत एक प्रकारची भीती असते. पट्ट्याच्या करवतीचंही तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एका इंग्रजानं तिचं पेटंट घेतलं, पण पट्ट्याची दोन टोकं टिकाऊ जोडता येईनात, म्हणून ते कागदावर राहिलं. १८४६मध्ये अ‍ॅन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी जोड देण्याची रीत काढली. "बघा," काकू म्हणाल्या, "बाईमाणसानं करवत सुरू केली. तुम्ही अजून भुसाच गोळा करताय."

या सगळ्यात कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची फार ओढाताण झाली. त्याला बिचाऱ्याला देव्हाऱ्याच्या कमानी कापून हव्या असायच्या, बँडसॉचं खरं काम ते. तो आला की नाना म्हणायचे, "आज नको, वरचं झाकण काढलंय." दुसऱ्यांदा आला तर, "थांब, पिंप रिकामं करून वजन घेतलंय, आता तुझा भुसा त्यात मिसळला तर हिशेब बिघडतो." मिस्त्री गुलमोहराखाली जाऊन जिगसॉनं कापायला लागला. नाना बघायला गेले, आणि मास्क का नाही म्हणून त्याला हाय विकम सांगू लागले.

"वाऱ्याला पाठ द्यायची नाना, इषय संपला."

"आणि वारा फिरला की?"

"मग आपुन बी फिरायचं."

नाना आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

यंदा गणपतीच्या आदल्या आठवड्यात नाना मिरजेला एका लग्नाला गेले होते. गल्लीतल्या मंडळाची पोरं आली, मूर्तीमागची प्रभावळ प्लायवूडमधून कापायची होती, सगळी वळणावळणाची. काकूंनी किल्ली दिली. किल्ली देताना त्यांचा चेहरा कसा होता ते मी बघितलंय, पण लिहीत नाही. मिस्त्री होताच बरोबर. त्यानं आधी यंत्राला नमस्कार केला, मग नानांच्या पाइपाकडं जरा वेळ बघितलं, आणि आपलं रंधा मशीन आणून त्याचं तोंड सरळ त्या पाइपालाच जोडलं. स्टेजच्या फळ्या दुपारपासून रंधल्या गेल्या, प्रभावळ कापली गेली, आणि पोर्चमध्ये एक कपचा दिसेना. पोरं थक्क. मिस्त्री म्हणाला, "म्हातारा येडा न्हाई."

पिंपाकडं कुणी बघितलं नाही. ते काठोकाठ भरलं, मग सायक्लोन तळापासून भरत वर आला, मग सगळं सरळ पिशवीत जाऊ लागलं, आणि रात्री नवाच्या सुमारास पिशवीची पट्टी सुटली. नाना रिक्षातून उतरले तेव्हा बोळातून पोर्चपर्यंत सगळं एका रंगाचं झालं होतं. पोरांच्या भुवया, काकूंची तुळस, बाहेर भिजणारी स्कूटरसुद्धा. कुणी बोलेना. एकजण हळूच झाडू शोधायला लागला.

नाना सरळ पिंपाशी गेले. झाकण उचललं. आत वाकून बघितलं.

"भरलंय!" ते म्हणाले. आवाज कापत होता. "वरपर्यंत भरलंय! अगं, हे बघ, पिंप भरलं!"

इतक्या वर्षांत ते कधी भरलंच नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. नानांनी लग्नाच्या कोटावरच मास्क चढवला, खिशातून पेन्सिल काढली, आतून वही मागवली, काटा मागवला. पिंप उचलायला चौघं पुढं झाले.

"फळ्यांचं वजन किती भरलं होतं? कापायच्या आधीचं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मिस्त्रीनं वर छताकडं बघितलं.

"घेतलंच नाही?"

"न्हाई, नाना."

नाना मटकन स्टुलावर बसले. पडला किती ते माहीत नाही, म्हणजे पळाला किती ते आता ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं. थोडा वेळ ते पेन्सिल कानावर ठेवत आणि काढत राहिले. मग भिंतीला टेकवलेल्या प्रभावळीकडं त्यांची नजर गेली. उठले, पट्टी घेतली, ती तीच एक टक्क्याची, प्रभावळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली, आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या भुशानं माखलेल्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"मूर्तीमागं दोन प्रभावळी चालतील का रे?"